पिशवी काढायची म्हणाले, म्हणून काढली

"पिशवीला सूज आहे, काढून टाका. नाहीतर पुढे कॅन्सर होईल." एवढे ऐकून ऑपरेशनला तयार झालेल्या बायका आपल्या ओळखीत किती आहेत, जरा आठवून पाहा. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, घरी कामाला येणारी ताई. कधी विषय निघाला तर बहुतेकींचे उत्तर सारखेच असते : "डॉक्टर काढायची म्हणाले, म्हणून काढली." त्यातल्या काहींना ऑपरेशनची खरोखर गरज होती. काहींना नव्हती. आणि ज्यांना नव्हती, त्यांना ते बहुधा आजही ठाऊक नाही.

रायपूरमध्ये हा प्रश्न २०१२ साली चव्हाट्यावर आला. त्या वेळी गरीब कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना चालू होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ३० रुपये भरून नाव नोंदवले की पाच जणांच्या कुटुंबाला एक स्मार्टकार्ड मिळायचे आणि त्यावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार व्हायचे. रुग्णाने खिशात हात घालायचा नाही. प्रत्येक ऑपरेशनचा दर आधीच ठरलेला आणि ते पैसे विमा कंपनीकडून थेट रुग्णालयाला. योजना चांगली होती. पण रायपूर आणि आसपासच्या गावांतून कार्डावर गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा आकडा असा काही फुगू लागला की, संशय यावा. पोटात दुखते, पाठ दुखते, अंगावरून पांढरे जाते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून थेट टेबलावर घेतल्याच्या कहाण्या बाहेर आल्या. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या, मोलमजुरी करणाऱ्या. हिंदी वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला नाव दिले 'गर्भाशय कांड', आणि छत्तीसगडात ते आजही त्याच नावाने ओळखले जाते.

सरकारने चौकशी लावली. खासगी नर्सिंग होमना नोटिसा गेल्या. छत्तीसगड मेडिकल कौन्सिलने काही डॉक्टरांची नोंदणी ठरावीक काळासाठी निलंबित केली. बातमीच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले, 'दोषींवर कारवाई झाली'.

पण जिचे गर्भाशय गेले, तिला काय मिळाले? डॉक्टरची नोंदणी निलंबित झाली म्हणून तिच्या पदरात एक रुपयाही पडत नाही. त्यासाठीचा दरवाजा वेगळा आहे, आणि तो आपला आपण ठोठवावा लागतो. डॉक्टर किंवा रुग्णालयाविरुद्ध दाद मागण्याचे चार रस्ते आपल्याकडे आहेत. प्रत्येक रस्ता वेगळ्या ठिकाणी नेतो. 'केस करायची' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय हवे आहे, हे ठरले नसेल, तर वर्षे जातात आणि हाती काहीच लागत नाही.

चूक, निष्काळजीपणा आणि गैरवर्तन

आधी एक फरक समजून घेऊ. ऑपरेशन बिघडले, रुग्ण दगावला, म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा मानत नाही. शरीर हे यंत्र नाही. सगळे नीट करूनही वाईट घडू शकते.

या बाबतीत आजही ज्याचा दाखला दिला जातो, तो निकाल एका मराठी घरातला आहे. मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. वडील स्वतः डॉक्टर. मुलाला पुण्याला नेण्यात आले. तिथल्या डॉक्टरने भूल न देता, जोर लावून हाड ओढून बसवले आणि पाय प्लास्टरमध्ये घातला. मुलगा वाचला नाही. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १९६८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी, वडिलांच्या बाजूने निकाल कायम झाला. भरपाई होती ३,००० रुपये. पण न्यायालयाने त्यात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगून ठेवली : ही केस हाती घ्यावी की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणते उपचार द्यायचे हे काळजीपूर्वक ठरवणे आणि ते उपचार काळजीपूर्वक देणे. डॉक्टरकडून असामान्य कौशल्याची अपेक्षा नाही, पण वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी हवीच.

आता यातले दुसरे कर्तव्य पुन्हा वाचा. गर्भाशयाच्या प्रकरणात ऑपरेशन कदाचित सफाईदारच झाले असेल. टाका पिकला नसेल, बाई चौथ्या दिवशी चालत घरी आली असेल. तरीही जे करायला नको होते ते केले, पैशासाठी केले, भीती घालून केले. इथे हात चुकला नाही, नियत चुकली. याला व्यावसायिक गैरवर्तन म्हणतात, आणि त्याची दखल घेण्याचा पहिला अधिकार मेडिकल कौन्सिलचा.

पहिला दरवाजा : मेडिकल कौन्सिल

प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. छत्तीसगडची कौन्सिल रायपुरात आहे, महाराष्ट्राची मुंबईत. डॉक्टरने कसे वागावे याचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले खरे, पण महिना उलटायच्या आत ते स्थगित झाले.

कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते, वकील लागतोच असे नाही. डॉक्टरला बोलावले जाते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. दोष सिद्ध झाला, तर ताकीद देणे, काही काळासाठी किंवा कायमचे नाव यादीतून काढणे हे कौन्सिलच्या हातात असते. नाव काढलेले असताना त्या डॉक्टरला प्रॅक्टिस करता येत नाही. नियमांनुसार तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागायला हवा.

या दरवाजाच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, इथे भरपाई मिळत नाही. दुसरी, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद करताना 'नाराज झालेल्या डॉक्टर'चा उल्लेख आहे, नाराज रुग्णाचा नाही. म्हणून इथे दिलेली तक्रार पहिल्यापासूनच भक्कम असावी लागते. तरीही हा दरवाजा सोडू नका. पुढच्या बाईला वाचवायचे असेल, तर रस्ता हाच.

दुसरा दरवाजा : ग्राहक आयोग

भरपाई हवी असेल, तर इथे जायचे. डॉक्टरची सेवा ही ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. सगळ्यांवर पूर्णपणे मोफत उपचार करणारी सरकारी रुग्णालये त्यातून वगळली आहेत. मात्र जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि काहींवर मोफत उपचार करते, त्याचे मोफत रुग्णही ग्राहकच ठरतात. विम्यातून बिल भरले गेले असेल, तरी तेच. तेव्हा "तुमचे तर कार्डावर फुकट झाले, तुम्ही कसली तक्रार करता?" असे खासगी रुग्णालयातून कोणी म्हणाले, तर गप्प बसू नका.

सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि जुलै २०२० पासून लागू आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे जायचे. ती ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे नागपूरला ऑपरेशन झाले आणि घर रायपूरला असेल, तर रायपूरच्या आयोगात जाता येते. तक्रार ऑनलाइनही भरता येते, त्यासाठी सरकारचे ई-जागृती पोर्टल आहे. काय करावे कळत नसेल, तर १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येते.

मुदत दोन वर्षांची. ती उलटली आणि उशिराचे पटेल असे कारण असेल, तर आयोग तक्रार घेऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. "आधी जरा बरे वाटू दे, मग बघू" म्हणता म्हणता दोन वर्षे कशी जातात, कळत नाही.

भरपाई किती मिळेल, याचे ठरलेले कोष्टक नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात मृत रुग्णाच्या पतीला सुमारे सहा कोटी रुपये देववले. त्या पतीने, जो स्वतः डॉक्टर होता, पंधरा वर्षे लढा दिला होता. बहुतेक प्रकरणांत रक्कम याच्या जवळपासही जात नाही.

तिसरा दरवाजा : पोलीस

संतापाच्या भरात आपण आधी इथेच धावतो. पण फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, अक्षम्य हलगर्जीपणा दाखवावा लागतो. जेकब मॅथ्यू खटल्यात, ऑगस्ट २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरवर कारवाई करण्याआधी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, स्वतंत्र मत घ्यावे आणि नेहमीच्या पद्धतीने सरसकट अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, उपचार करताना डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. खोटे रिपोर्ट तयार करून कार्डाचे पैसे उचलले असतील, तर तो फसवणुकीचा वेगळा मुद्दा होतो.

छत्तीसगडने या दरवाजाचाही अनुभव घेतला आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ सकरीच्या एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयात सरकारी नसबंदी शिबिर भरले. एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली. त्यातल्या १३ जणी पुढच्या काही दिवसांत गेल्या. सर्जनला अटक झाली, सरकारने त्याला नोकरीतून काढले. बायकांना दिलेल्या गोळ्यांवरही संशय आला आणि त्या बनवणाऱ्या रायपूरच्या कंपनीच्या मालकांनाही पकडले गेले. त्याच सर्जनचा त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने सर्वाधिक नसबंदी ऑपरेशने केल्याबद्दल सत्कार केला होता. दोष एका हातातल्या सुरीचा की, आकड्यांचा हव्यास धरणाऱ्या व्यवस्थेचा, हा प्रश्न अटकेने सुटत नाही. शिवाय सरकारी डॉक्टरने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल खटला चालवायचा, तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. खरा बदल घडला तो जनहित याचिकेमुळे. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे आदेश दिले.

चौथा दरवाजा : आरोग्य खाते आणि योजनेचे कार्यालय

रुग्णालयाचा परवाना हा डॉक्टरच्या नोंदणीपेक्षा वेगळा विषय आहे. छत्तीसगडात खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होम यांच्यासाठी २०१० चा परवाना कायदा आहे. जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी, ज्यांना सगळे 'सीएमएचओ' म्हणतात, त्यांच्याकडे रुग्णालयाविरुद्ध लेखी तक्रार देता येते. आयुष्मान कार्डावर उपचार झाले असतील, तर १४५५५ या क्रमांकावर योजनेकडेही तक्रार नोंदवता येते. रुग्णालयाला योजनेतून बाहेर काढणे, उचललेले पैसे परत घेणे हे इथून होऊ शकते. कामाला लागणारा वेळ कमी, आणि ज्या रुग्णालयाचा धंदाच कार्डावर चालतो, त्याला याची धास्तीही जास्त.

हे चारही दरवाजे एकाच वेळी ठोठावता येतात. एकीकडे गेलात म्हणून दुसरीकडचा हक्क जात नाही. आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल, तर हेही लक्षात असू द्या : स्त्रीला मोफत विधी सहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. हेल्पलाइन १५१००.

आईची सही चालत नाही

दिल्लीतल्या एका खटल्याची गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची आणि गरज पडली तर छोटी प्रक्रिया करायची, एवढ्यालाच तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरने बाहेर येऊन तिच्या वयस्कर आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय, नळ्या सगळे काढून टाकले. समीरा कोहली खटला म्हणून हे प्रकरण ओळखले जाते.

जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्ण सज्ञान आहे, तिच्या जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची सही म्हणजे तिची संमती नव्हे. तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. 'नाहीतरी पुढे कधीतरी करावेच लागले असते' हे उत्तरही चालत नाही. न्यायालयाने डॉक्टरला तिची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई देववली. रक्कम छोटी आहे, तत्त्व मोठे आहे. नवऱ्याची, सासूची, भावाची सही हीदेखील बाईची संमती नसते.

आपल्या घरांत काय होते? डॉक्टर बाहेर येतात, पुरुष मंडळींना बाजूला घेऊन सांगतात, तेच सही करतात. आतल्या बाईला तिच्याच पोटातले काय जाणार आहे, ते नर्सकडून कळते. यात घरच्यांचा काही वाईट हेतू नसतो, काळजीपोटीच सगळे चाललेले असते. पण कायद्याच्या दृष्टीने शरीर तिचे आहे, म्हणून सहीही तिची.

सही करण्याआधी

गर्भाशय काढण्याची खरी कारणे असतात. कॅन्सर, कोणत्याही औषधाने न थांबणारा रक्तस्राव, फार वाढलेल्या आणि त्रास देणाऱ्या गाठी, अंग बाहेर येणे. अशा वेळी चालढकल करणेही धोक्याचेच. पण नुसते पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा सोनोग्राफीत दिसलेली लहानशी गाठ, एवढ्यावरून लगेच ऑपरेशन ठरत नाही. जंतुसंसर्गावर औषधे आहेत, जास्त रक्तस्रावावर गोळ्या आणि हार्मोनची तांबी आहे. कॅन्सरची शंका असेल, तर आधी तपासणी व्हायला हवी, मग निर्णय. पाळी जायच्या वयाआधी अंडाशयही काढले, तर पाळी एकदम बंद होते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या मजूर बाईला यानंतर तीसेक वर्षे पाट्या उचलायच्या असतात.

म्हणून डॉक्टरला शांतपणे इतके विचारा : नेमका आजार कोणता, तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने प्रयत्न करून पाहता येईल का? नाही केले तर काय होईल, आणि किती दिवसांत? काय काय काढणार, अंडाशय ठेवणार का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. घाई करणारा आणि 'आजच भरती व्हा' म्हणणारा भेटला, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्याकडे जा. रायपूरमध्ये एम्स आहे, मेकाहारा म्हणजे आंबेडकर रुग्णालय आहे. दुसरे मत घ्यायला फार लांब जावे लागत नाही.

संमतीपत्र कोरे असेल, तर सही करायची नाही. इंग्रजीत असेल, तर समजेल अशा भाषेत सांगायला लावा. छापील कागदावर 'गरज भासल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया' असे मोघम वाक्य असेल, तर त्याचा अर्थ विचारा आणि नको असेल, तर ते खोडून सही करा.

कागद जपा

चारही दरवाज्यांवर पहिला प्रश्न एकच असतो : "कागद आहेत का?" केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म, संमतीपत्राची प्रत, ऑपरेशनची नोंद, काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिल. यातला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आपण कधीच मागत नाही. खरे तर काढलेले गर्भाशय रोगट होते की निरोगी, हे तोच कागद सांगतो.

२००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर ७२ तासांत द्यायला हवेत. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळणे डॉक्टरला बंधनकारक आहे. रुग्णाला आपले कागद मिळण्याचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते. तोंडी मागितले आणि 'उद्या या' असे ऐकावे लागले, तर साध्या कागदावर अर्ज लिहा, एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ते शिक्का देत नसतील, तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. टाळाटाळ झाली, तर तोही तक्रारीतला एक मुद्दा होतो. आणि मोबाइल हातात आहेच, तर जो कागद समोर येईल त्याचा फोटो त्याच दिवशी काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.

मग एका पानावर तारखांनिशी हकिकत लिहा. कोणत्या दिवशी कोण काय म्हणाले, किती पैसे दिले, सही कोणी केली. शिव्याशाप नकोत, विशेषणे नकोत. रुग्णालयात जाऊन तोडफोड, डॉक्टरला धक्काबुक्की तर अजिबात नको. त्याने तुमची खरी बाजूही पडते आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

दहा वर्षांनी

गर्भाशय कांड कौन्सिलच्या निलंबनावर थांबले नाही, याचे श्रेय एका डॉक्टरलाच जाते. राजस्थानातल्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड या तीन राज्यांत गरज नसताना गर्भाशये काढली जात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, ५ एप्रिल २०२३ रोजी, निकाल आला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, देखरेखीसाठी राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात, दोषी रुग्णालयांवर कठोर कारवाई व्हावी, असे न्यायालयाने सांगितले.

महाराष्ट्रालाही यातून हात झटकता येणार नाहीत. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे कार्ड नव्हते, उचल घेऊन, कर्ज काढून ऑपरेशन केले होते. पाळीमुळे खाडा पडायला नको, दंड बसायला नको, हे कारण होते. रायपूर आणि बीड यांच्यात अंतर बरेच आहे, पण बाईला सांगितले गेलेले वाक्य तेच होते.

स्मार्टकार्डाच्या जागी आता आयुष्मान कार्ड आले आहे आणि ३०,००० च्या जागी ५ लाख. गरिबाच्या घरात ही मोठीच सोय झाली. पण ज्याच्या नावावर पाच लाख आहेत, त्याला टेबलावर घ्यायची घाई करणारेही जास्त भेटतील. तेव्हा तुमच्याकडे कामाला येणारी ताई, गावाकडची वहिनी किंवा तुमची स्वतःची आई ऑपरेशनचे ठरले म्हणून सांगेल, तेव्हा 'बरं झालं, एकदाचा त्रास संपेल' म्हणण्याआधी तिचे रिपोर्ट मागून घ्या, तिच्यासोबत डॉक्टरकडे जा आणि ते चार प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या.